इन्सुलिन दिल्यावर चरबीतली जनुकं काय करतात? लठ्ठपणातला प्रतिसाद मोजण्याची पद्धत

लठ्ठ व्यक्तीची चरबी इन्सुलिनला दाद देत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. जनुकं तपासली की प्रकरण इतकं सरळ राहत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले मिकाएल रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन गट होते : लठ्ठ नसलेल्या १७ निरोगी व्यक्ती, अतिलठ्ठ पण इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देणाऱ्या २१, आणि अतिलठ्ठ व इन्सुलिनरोधक (इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या) अशा ३०. इन्सुलिन सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर दोन तासांनी पोटाच्या त्वचेखालची चरबी काढून तिच्यातली जनुकं किती सक्रिय आहेत ते आरएनएवरून, म्हणजे जनुकांच्या नकलांवरून, मोजलं. लठ्ठ नसलेल्यांमध्ये फारशी हालचाल दिसली नाही. दोन्ही लठ्ठ गटांमध्ये मात्र स्पष्ट बदल होता, २३१ जनुकं हलली (म्हणजे त्यांची सक्रियता बदलली) होती, आणि दोन्ही गटांचा एकूण साचा बराचसा सारखाच होता. म्हणजे फरक पडला तो मुख्यतः लठ्ठपणामुळे, इन्सुलिनरोधामुळे नव्हे. ‘लठ्ठ पण निरोगी’ या लाडक्या कल्पनेला, निदान अतिलठ्ठपणाच्या बाबतीत, यातून चांगलाच धक्का बसतो.

उपाशीपोटी घेतलेल्या एकाच नमुन्यावर थांबलं असतं तर हे दिसलंच नसतं. प्रतिसाद म्हणजे एकाच व्यक्तीच्या दोन नमुन्यांमधला फरक. असा अभ्यास आखणाऱ्या किंवा असा शोधनिबंध तपासून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी ही पद्धत इथे क्रमाने दिली आहे. क्लॅम्प (इन्सुलिन देत असताना ग्लुकोज सोडून रक्तातली साखर स्थिर ठेवणं) आणि बायोप्सी (ऊतीचा तुकडा काढणं) या गोष्टी एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती आणि खाटेशेजारी डॉक्टर असल्याशिवाय करायच्या नाहीत.

माणसं निवडताना

फक्त बीएमआयवर गट पाडले तर भारतात हमखास फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेव्हा ‘सडपातळ’ गटात कुणाला घ्यायचं हे ठरवताना डेक्सा स्कॅनने चरबीचं प्रमाण मोजा आणि कंबरेचा घेर नोंदवा. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर आहे. बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोपातला ३० चा आकडा उचलून आणला तर तुलनेच्या गटात लपलेल्या चरबीचे लोक येतील आणि दोन गटांमधला फरक पुसट होईल.

औषधं बारकाईने विचारा. पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांना वगळाच. ते थेट पीपीएआर-गॅमावर काम करतं आणि हा रिसेप्टर मेदपेशींच्या जनुकांचा मुख्य नियंत्रक आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं, अगदी सांध्यात दिलेलं इंजेक्शनही विचारून घ्या. दोन दिवस जड व्यायाम आणि मद्य बंद, तीन दिवस नेहमीचं जेवण. या तीन दिवसांत भात-भाकरी सोडून ‘डाएट’ करू नका, असं स्पष्ट सांगावं लागतं. तपासणी आहे म्हटलं की लोक आपणहून कमी खातात आणि उपाशीपोटीची पातळी बदलून येते. आदल्या रात्रीपासून १० ते १२ तास उपास, पाणी चालेल. सगळ्यांचा क्लॅम्प सकाळी एकाच वेळेला सुरू करा, कारण चरबीतली अनेक जनुकं घड्याळाप्रमाणे वरखाली होतात.

क्लॅम्प

१९७९ साली डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी मांडलेली हायपरइन्सुलिनेमिक युग्लायसेमिक क्लॅम्पची पद्धत आजही मानदंड मानली जाते. शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन द्यायचं, त्यामुळे रक्तातली साखर उतरू लागते, आणि ती ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर टिकेल एवढं ग्लुकोज दुसऱ्या पंपातून सोडत राहायचं. साखर टिकवायला जितकं जास्त ग्लुकोज लागेल, तितकी त्या व्यक्तीची इन्सुलिन-संवेदनशीलता जास्त.

इन्सुलिनचा नेहमीचा वेग शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला ४० मिलियुनिट. पहिली दहा मिनिटं यापेक्षा जास्त मात्रा देऊन पातळी लवकर वर नेतात. काही ठिकाणी वजनाच्या हिशेबाने, किलोमागे मिनिटाला १ मिलियुनिट देतात. लठ्ठपणाच्या अभ्यासात हा हिशेब घातक ठरतो. उंची १६५ सेंटिमीटर धरा. ६५ किलोच्या व्यक्तीला वजनाप्रमाणे ६५ आणि पृष्ठफळाप्रमाणे सुमारे ६९ मिलियुनिट मिळतात, फरक किरकोळ. १२० किलोच्या व्यक्तीला मात्र वजनाप्रमाणे १२० आणि पृष्ठफळाप्रमाणे सुमारे ९४. चरबीच्या जास्तीच्या किलोंसाठी जास्तीचं इन्सुलिन रक्तात गेलं की लठ्ठ गटाची जनुकं जास्त हलली यात नवल कसलं? पृष्ठफळाचा हिशेब धरला तरी शेवटच्या अर्ध्या तासात प्लाझ्मातलं इन्सुलिन दोन-तीनदा मोजा आणि गटवार आकडे छापा. ते नसतील तर पुढच्या निष्कर्षावर कुणी विश्वास ठेवू नये.

इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. म्हणून ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सलाईनबरोबर त्याच व्यक्तीचं २ मिलिलिटर रक्त किंवा थोडं अल्ब्युमिन घालतात आणि जोडण्याआधी नळीतून काही मिलिलिटर द्राव वाहू देऊन टाकून देतात. हे केलं नाही तर पहिला अर्धा तास इन्सुलिन नळीलाच मिळतं. आपल्याकडे आणखी एक धोका आहे : रेग्युलर इन्सुलिनच्या कुप्या ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींत मिळतात. ५० युनिट म्हणजे पहिल्या कुपीतून १.२५ मिलिलिटर आणि दुसऱ्या कुपीतून ०.५ मिलिलिटर. इथे गल्लत झाली तर अडीचपट डोस जातो. कुपीवरची ताकद दोघांनी मोठ्याने वाचून वहीत लिहायची, हा नियम ठेवा.

इन्सुलिन आणि ग्लुकोज कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून द्या. २० टक्के ग्लुकोज लहान शिरेला जाळतं. रक्त घ्यायचं ते दुसऱ्या हाताच्या पंज्यावरच्या शिरेतून, आणि तो हात गरम पेटीत ठेवून, म्हणजे शिरेतलं रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळ जातं. साखर दर पाच मिनिटांनी प्रयोगशाळेच्या दर्जाच्या अॅनालायझरवर मोजा. घरगुती ग्लुकोमीटरला मानकांनुसार १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतं. लक्ष्य ९० असताना एवढी चूक म्हणजे आंधळेपणाने पंप फिरवणं.

चौथ्या मिनिटाच्या आसपास किलोमागे मिनिटाला २ मिलिग्रॅम ग्लुकोजने सुरुवात करा. ८० किलोला हे २० टक्के द्रावाचे ताशी ४८ मिलिलिटर होतात. नंतर आकड्यामागे धावू नका. साखर ८६ आली म्हणून वेग एकदम दीडपट केला की दहा मिनिटांनी ती ११० होते आणि मग पुढचा तास झोके घेत जातो. शेवटच्या अर्ध्या तासात साखरेची चढउतार पाच टक्क्यांच्या आत असावी. इन्सुलिनबरोबर पोटॅशियमही पेशींत शिरतं, म्हणून ते आधी आणि मध्ये तपासा. गरज पडली तर डॉक्टर पोटॅशियम क्लोराइड देतील. संपल्यावर आधी इन्सुलिन बंद करायचं. ग्लुकोज चालू ठेवून जेवण द्यायचं आणि साखर स्थिर झाली की मगच सोडायचं.

एम-मूल्य म्हणजे साखर टिकवायला किलोमागे मिनिटाला लागलेलं ग्लुकोज. ते काढताना भाजक काय घेतला ते पाहा. शेवटच्या अर्ध्या तासात २० टक्के ग्लुकोज ताशी १५० मिलिलिटर लागलं, तर ते मिनिटाला ५०० मिलिग्रॅम. ८० किलोच्या व्यक्तीत हे किलोमागे ६.२५ आणि १२० किलोच्या व्यक्तीत ४.१७, एक संवेदनशील आणि दुसरी रोधक दिसते. आता चरबीविरहित वजनाने भागा. पहिलीचं ते ५८ आणि दुसरीचं ६२ किलो असेल तर उत्तरं ८.६ आणि ८.१ येतात. दरी जवळपास मिटली. ग्लुकोज शोषण्याचं बहुतेक काम स्नायू करतात, तेव्हा चरबीविरहित वजन हाच न्याय्य भाजक. आपल्याकडे २५ टक्के ग्लुकोजची बाटली वापरली गेली तर मिलिलिटरमागे २०० ऐवजी २५० मिलिग्रॅम धरायचे, हेही विसरलं जातं.

रक्तातली मुक्त मेदाम्लं (चरबी विरघळली की रक्तात येणारे घटक) दोन्ही वेळा जरूर मोजा. इन्सुलिन चरबीपर्यंत पोचून काम करतंय का, याचा हा सर्वांत स्वस्त पुरावा. चरबी विरघळणं थांबवायला इन्सुलिन फार थोडं पुरतं, म्हणून मेदाम्लं झपाट्याने उतरायला हवीत. ती उतरलीच नाहीत, तर जनुकांकडे जाण्याआधी पंप तपासा.

दोन बायोप्सी आणि न केलेली तिसरी गोष्ट

जागा बेंबीच्या बाजूला, काही सेंटिमीटर दूर. जागा बधिर करायला लिग्नोकेन वापरा, पण अॅड्रिनलिन मिसळलेलं नको. अॅड्रिनलिन स्वतःच चरबी विरघळवतं. औषध जिथून नमुना घ्यायचा त्या चरबीत भरू नका, भोवती रिंगणासारखं द्या. जाड सुई आणि सिरिंजच्या ओढीने अर्धा ते एक ग्रॅम सहज मिळतं. दुसरा नमुना बेंबीच्या दुसऱ्या बाजूने घ्या. पहिल्या टोचणीच्या जागी तासाभरात सूज सुरू होते, आयएल-६ सारखी सूजेची जनुकं उसळतात, आणि ती उसळी इन्सुलिनच्या नावावर जमा होते.

अतिलठ्ठ व्यक्तीत त्वचेखालच्या चरबीचे वरचा आणि खोल असे दोन थर ठळक असतात, मध्ये स्कार्पाचं पातळ आवरण. सुई एकदा वरच्या थरात आणि एकदा खोल थरात गेली तर तुम्ही दोन वेगळ्या ऊतींची तुलना करत आहात. अल्ट्रासाउंडने खोली ठरवून दोन्ही वेळा तीच ठेवा.

बहुतेक अभ्यासांत सलाईनचा नियंत्रण-गट नसतो. काही जणांना इन्सुलिनऐवजी नुसतं सलाईन देऊन त्याच दोन वेळांना बायोप्सी घ्यायला हवी. दोन तास वाढलेला उपास, खाटेवर पडून राहणं, दिवसाची वेळ, टोचणीचा ताण, या सगळ्यांनी जनुकं हलतात. लोक तयार होत नाहीत, खर्च वाढतो, हे खरं. तरीही दहा जणांचा नियंत्रण-गट हा आणखी दहा लठ्ठ व्यक्ती जमवण्यापेक्षा जास्त मोलाचा आहे.

नमुना गार सलाईनमध्ये जाळीवर धुवा, रक्त निघून गेलं की चिमट्याने उचलून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका. बाहेर काढल्यापासून गोठेपर्यंत दोन मिनिटांच्या आत, आणि दोन्ही नमुन्यांना तेवढाच वेळ. नंतर उणे ८० अंश. प्रथिनांसाठी १०० मिलिग्रॅमचा वेगळा तुकडा त्याच क्षणी बाजूला ठेवा. नंतर तो मिळत नाही.

आरएनए काढताना

चरबीच्या वजनाचा मोठा हिस्सा म्हणजे तेल. पेशीद्रव त्यात कडेला उरतो. लठ्ठपणात मेदपेशी फुगतात, त्यामुळे एका ग्रॅममध्ये पेशी आणखी कमी आणि आरएनएही कमी. लठ्ठ गटासाठी सुरुवातीलाच जास्त ऊती घ्या.

१०० मिलिग्रॅम गोठलेल्या चरबीला १ मिलिलिटर ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए वेगळं करणारा द्राव). तुकडा वितळू न देता थेट ट्रायझॉलमध्ये टाकून होमोजिनायझर फिरवा. मग ४ अंशांवर १२,००० जी वेगाने दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वर तेलाचा थर येईल. त्याला भोक पाडून पिपेटचं टोक खाली न्या आणि मधला स्वच्छ द्राव उचला; तेलाचा थेंबही बरोबर येऊ देऊ नका. हा टप्पा वगळला की पुढे कॉलम (आरएनए धरून ठेवणारी गाळणी) चोंदतो आणि २६०/२३० चं गुणोत्तर, म्हणजे प्रकाश शोषणावरून काढलेलं शुद्धतेचं माप, कोसळतं. त्यानंतर २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, जोरात हलवणं, पुन्हा १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचा पाण्याचा थर इथेनॉल मिसळून कॉलमवर, डीएनएझ (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम), धुणं, आणि ३० मायक्रोलिटर पाण्यात उतरवणं. २६०/२८० दोनच्या जवळ हवं. आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा १ ते १० मधला आकडा) ७ च्या वर असेल तर उत्तम. जोडीतला एक नमुना ८.५ आणि दुसरा ५.५ असेल तर ती जोडी बाद करा, दोन्ही ६.५ असलेली जोडी परवडली.

एका व्यक्तीचे दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, एकाच लायब्ररी-खेपेत (सिक्वेन्सिंगसाठी नमुने तयार करण्याच्या फेरीत). ‘आधी’चे सगळे सोमवारी आणि ‘नंतर’चे सगळे मंगळवारी केले तर मंगळवारचा परिणाम इन्सुलिनचा म्हणून छापला जाईल.

काय मोजायचं

थोडकी जनुकं असतील तर क्यूपीसीआर (एकेका जनुकाचं आरएनए मोजण्याची पद्धत) पुरे. संदर्भ-जनुक, म्हणजे तुलनेसाठीचं न बदलणारं जनुक, म्हणून सवयीने जीएपीडीएच घेतलं जातं आणि तिथेच अभ्यास बुडतो, कारण ते स्वतः इन्सुलिनने हलतं. पीपीआयए, आरपीएलपी०, एलआरपी१० यांपैकी दोन-तीन घ्या, आपल्याच नमुन्यांत ती स्थिर आहेत का तपासा आणि त्यांची सरासरी वापरा. सीटी म्हणजे जनुक दिसू लागायला लागलेली दुपटीची चक्रं; आकडा जितका कमी, तितकं जनुक जास्त. समजा ‘आधी’ एसआरईबीएफ१ (चरबी बनवणाऱ्या जनुकांना चालना देणारं जनुक) चं सीटी २७.४ आणि संदर्भाचं २०.१, म्हणजे फरक ७.३. ‘नंतर’ २६.५ आणि २०.२, फरक ६.३. दोन फरकांमधलं अंतर एक, म्हणजे जनुक दुप्पट झालं.

यादीत दोन्ही दिशांची जनुकं हवीत. इन्सुलिनचा संदेश रिसेप्टर, आयआरएस१, पीआय३ कायनेज आणि एकेटी या प्रथिनांच्या साखळीतून खाली उतरतो. एकेटीमुळे फॉक्सओ१ हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकाबाहेर जातं, म्हणून त्याच्या हुकमावर चालणारी आयआरएस२ आणि पीएनपीएलए२ ही जनुकं उतरतात. दुसरी वाट एमटॉरसी१ मार्गे एसआरईबीएफ१ ला वर चढवते. पीआयके३आर१ आणि एचके२ हीदेखील वर जाणारी म्हणून यादीत ठेवा. फॅटी अॅसिड सिंथेजचं जनुक, एफएएसएन, दोन तासांत हललं नाही म्हणून ‘प्रतिसाद नाही’ असं लिहू नका. आधी एसआरईबीएफ१ चं प्रथिन तयार व्हावं लागतं, मग एफएएसएनची पाळी. ग्लुकोज आत घेणारं ग्लुट४ तर मिनिटांत पेशीच्या पडद्यावर जातं, पण ही प्रथिनाची हालचाल आहे. आरएनएत ती दिसत नाही.

संपूर्ण चित्र हवं असेल तर आरएनए सिक्वेन्सिंग, नमुन्यामागे दोन-तीन कोटी रीड्स (वाचलेले तुकडे). कॅरोलिन्स्काच्या अभ्यासात आरएनएच्या सुरुवातीच्या टोपीपासून वाचन केलं होतं. त्यातून जनुक कुठल्या प्रमोटरवरून (सुरुवातीच्या कळीवरून) सुरू झालं हेही कळतं. आकडे आले की पहिल्यांदा चोर शोधा : हिमोग्लोबिनची जनुकं वाढलेली म्हणजे नमुन्यात रक्त, केराटिन म्हणजे त्वचा, आणि पुरुषाच्या नमुन्यात एक्सआयएसटी हे स्त्रियांत चालू असणारं जनुक दिसलं तर नळ्या बदलल्या आहेत.

गणितातली मोठी चूक

सडपातळ गटात एक जनुक १.३ पट, पी-मूल्य ०.०९. लठ्ठ गटात तेच १.४ पट, पी ०.०१. इथून ‘फक्त लठ्ठ गटात बदलतं’ असं वाक्य छापून येतं. ते चूक आहे, १.३ आणि १.४ मध्ये काही फरक नाही, लठ्ठ गटात माणसं जास्त असतील एवढंच. गट आणि वेळ यांची आंतरक्रिया थेट तपासली पाहिजे : प्रत्येक व्यक्तीचा ‘नंतर वजा आधी’ हा फरक काढा आणि हे फरक गटांमध्ये वेगळे आहेत का ते पाहा. १७ विरुद्ध ५१ अशा विषम गटांचा कुठलाही अभ्यास वाचताना बदललेल्या जनुकांची संख्या बाजूला ठेवा आणि बदलाचं माप शेजारी शेजारी मांडून बघा.

डीईसेक२ हे जनुकांचे आकडे तपासणारं सॉफ्टवेअर वापरताना इथे हमखास त्रुटीचा संदेश येतो, कारण प्रत्येक व्यक्ती एकाच गटात असते आणि व्यक्तीचे स्तंभ गटाच्या स्तंभावर अवलंबून राहतात. उपाय : प्रत्येक गटात व्यक्तींना पुन्हा एकपासून क्रमांक द्या, मॉडेलमध्ये गट, गटांतर्गत व्यक्ती आणि गटांतर्गत वेळ अशी पदं ठेवा, आणि गट विषम असतील तर पूर्ण शून्य असलेले स्तंभ काढून टाका. शेवटी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती (हजारो जनुकं एकदम तपासताना योगायोगाने लागणारे खोटे निकाल आवरण्यासाठी), मर्यादा ५ टक्के.

अर्थ लावताना

लठ्ठ गटात बदल मोठा दिसला तर तीन पर्याय तपासल्याशिवाय ‘लठ्ठपणाने जनुकांचं नियमन बदललं’ असं म्हणू नका.

पहिला, सुरुवातच वेगळी. लठ्ठ व्यक्तीचं इन्सुलिन उपाशीपोटीही चढलेलं असतं, त्यामुळे काही जनुकं आधीच छताला टेकलेली असतात आणि काही आधीच दबलेली. प्रत्येक जनुकाचा ‘आधी’चा आकडा गटवार दाखवा.

दुसरा, पेशींची सरमिसळ. २००३ साली दोन वेगवेगळ्या चमूंनी दाखवलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने शिरतात. अख्ख्या तुकड्यातून आरएनए काढला तर मेदपेशी बोलल्या की मॅक्रोफेज, हे कळत नाही. कोलॅजिनेजने पेशी सुट्या करायला गेलं तर तासभराच्या त्या प्रक्रियेनेच सूजेची जनुकं पेटतात. मेदपेशी तरंगतात आणि फुटतात, म्हणून एकपेशीय पद्धतीसाठी गोठलेल्या ऊतीतून केंद्रकं काढणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

तिसरा, रक्तपुरवठा. लठ्ठपणात चरबीतला रक्तप्रवाह तुलनेने कमी असतो आणि जेवणानंतर तो हवा तसा वाढतही नाही. प्लाझ्मातलं इन्सुलिन दोन्ही गटांत सारखं असलं तरी पेशीपर्यंत पोचलेलं सारखं असेलच असं नाही. बाजूला ठेवलेल्या त्या १०० मिलिग्रॅम तुकड्यात फॉस्फोरिलेटेड (म्हणजे संदेश मिळून चालू झालेली) एकेटी मोजली की याचा बराच उलगडा होतो. एकेटी दोन्ही गटांत सारखी पेटली आणि जनुकं वेगळी वागली, तर फरक संदेशाच्या खालच्या टप्प्यात आहे. एकेटीच मंद असेल तर अडथळा वर, रिसेप्टरजवळ किंवा रक्तवाहिनीत शोधावा लागेल. आणि हे सगळं फक्त पोटाच्या त्वचेखालच्या चरबीबद्दल लिहा. आतड्यांभोवतीच्या चरबीत ही सुई पोचलेलीच नसते.